दचकणं, चोखणं, मूठ आवळणं: नवजात बाळाला हाताळताना

गाढ झोपलेलं बाळ हळूच अंथरुणावर ठेवायला जावं, पाठ टेकते न टेकते तोच त्याचे दोन्ही हात झटक्यात बाजूला फेकले जावेत, बोटं फाकावीत, मग हात थरथरत छातीशी गोळा व्हावेत आणि रडू फुटावं. नव्या आई-बाबांना पहिल्या आठवड्यात धसका बसतो तो याचा. बाळ घाबरलं, त्याला स्वप्न पडलं, ते अशक्त आहे, असे नाना अर्थ लावले जातात. खरं तर मेंदूच्या तळाकडच्या भागातून आलेली ती ठरलेली हालचाल असते. बाळाच्या इच्छेचा तिच्याशी काही संबंध नसतो. अशा हालचालींना पुस्तकी मराठीत प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात; दवाखान्यात सगळे रिफ्लेक्सच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरते.

रिफ्लेक्सचा तक्ता आई-बाबांच्या हातात देऊन मोकळं होणं मला पटत नाही. तक्ता मिळाला की घरात परीक्षा सुरू होते. बाळाला मुद्दाम दचकवून बघायचं, पाय टेकवून चालवून बघायचं, आणि एखादी गोष्ट दिसली नाही की रात्रभर काळजी करत बसायचं. तपासणी डॉक्टरांनी करावी. आई-बाबांना रिफ्लेक्स माहीत हवेत ते रोजच्या हाताळणीसाठी. बाळाला उचलायचं कसं, ठेवायचं कसं, अंगावर घ्यायचं कसं, दुपट्यात गुंडाळायचं कसं, हे सगळं त्याच्या रिफ्लेक्सवरून ठरतं. पाजताना बाळ डोकं मागे टाकतं, ठेवताना दचकतं, मुठीत आलेले केस सोडत नाही. यातलं काहीच ते हट्टानं करत नाही. कोणत्या स्पर्शानं कोणती हालचाल सुरू होते हे कळलं की आपले हात आपोआप बदलतात.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. एकच बाळ सकाळी एक रिफ्लेक्स ठसठशीत दाखवतं आणि दुपारी अजिबात दाखवत नाही. बाळ त्या वेळी कोणत्या अवस्थेत आहे यावर ते अवलंबून असतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी नवजात बाळाच्या तपासणीची जी पद्धत १९७३ मध्ये मांडली, तिच्यात सहा अवस्था आहेत: गाढ झोप, सावध झोप, पेंग, शांत जाग, चुळबुळती जाग आणि रडणं. शांत जागेपणी, म्हणजे डोळे उघडे, श्वास संथ, हातपाय जवळजवळ स्थिर असताना, बाळ जे करतं तेच खरं धरायचं. नुकतं पोटभर प्यालेलं बाळ तोंडानं स्तन शोधत नाही, गाढ झोपलेलं बाळ बोट घट्ट धरत नाही, आणि रडणाऱ्या बाळात काहीच नीट कळत नाही.

पाजताना

गालाला किंवा ओठाच्या कोपऱ्याला काही लागलं की बाळ त्या बाजूला डोकं वळवतं आणि तोंड उघडतं. हा शोधण्याचा रिफ्लेक्स गर्भात साधारण ३२ व्या आठवड्यापासून दिसू लागतो आणि जन्मानंतर सुमारे चार महिन्यांत मावळतो. पाजण्यातल्या निम्म्या अडचणी या एका हालचालीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येतात, असं माझं ठाम मत आहे.

नेहमीची चूक अशी: बाळ तोंड वळवत नाही म्हणून कुणीतरी मदतीला येतं आणि त्याचं डोकं मागून धरून स्तनाकडे ढकलतं. डोक्याच्या मागच्या बाजूला दाब आला की बाळ उलट त्या हाताकडे डोकं रेटतं, पाठीची कमान करतं आणि रडतं. मग निष्कर्ष निघतो की बाळाला अंगावर प्यायचं नाही. दुसरी चूक म्हणजे दोन्ही गाल एकदम दाबून तोंड उघडायचा प्रयत्न करणं. दोन्हीकडून स्पर्श झाला की बाळाला कुठे वळावं हेच कळत नाही. ते डावीकडे-उजवीकडे डोकं हलवत राहतं. तिसरी चूक सहज नजरेतून सुटते. दुपट्याची किंवा आईच्या बाहीची कड बाळाच्या गालाला घासत असते आणि बाळ स्तन सोडून त्या कापडाकडे वळत राहतं. कापड बाजूला केलं की प्रश्न मिटतो.

बाळाला घ्यायचं ते असं. त्याचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवेत, मान वळलेली नको. तळहात बाळाच्या खांद्यांच्या मध्ये, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याचा मागचा भाग मोकळा, म्हणजे ते थोडं मागे कलू शकेल. स्तनाग्र बाळाच्या तोंडासमोर धरू नका, नाकासमोर धरा. त्याने बाळाच्या वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि थांबा. थांबणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग. पहिल्या स्पर्शाला बाळ तोंड किलकिलं करतं, तेव्हा घाई करायची नाही. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं, जीभ खाली गेली, की त्याच क्षणी बाळाला स्तनाकडे आणायचं. स्तन वाकवून बाळाकडे नेला की आईची पाठही दुखते आणि पकडही उथळ होते. आधी हनुवटी टेकते, मग खालचा ओठ, सगळ्यात शेवटी वरचा. पकड नीट असेल तर खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो.

स्तनाग्र आत खोलवर, टाळूपर्यंत पोहोचलं की चोखण्याचा रिफ्लेक्स सुरू होतो. उथळ पकडीत ते तिथवर पोहोचत नाही, म्हणून बाळ नुसतं ओठांनी चावल्यासारखं करतं आणि आईला दुखतं. सुरुवातीचे काही क्षण ओढ लागल्यासारखी दुखरी जाणीव होऊ शकते, पण चिमटल्यासारखं दुखत राहिलं तर पकड चुकली आहे. अशा वेळी बाळाला ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये सरकवा, पोकळी सुटेल, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा.

चोखणं कानाला आणि डोळ्याला ओळखता येतं. दूध येत नसताना बाळ भराभर, सेकंदाला सुमारे दोनदा चोखतं. दूध उतरलं की वेग निम्म्यावर येतो, जबडा खोलवर हलतो आणि मध्ये गिळण्याचा बारीक आवाज येतो. पोट भरल्यावरही बाळ काही वेळ पहिल्या, उथळ लयीत चोखत राहतं, कारण चोखण्यानं त्याला शांत वाटतं. तेवढ्यावरून दूध पुरत नाही असं ठरवू नका. दूध पुरतं का याचं उत्तर दोन गोष्टींत असतं: पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनावर आलेलं बाळ.

भूक ओळखायलाही शोधण्याचा रिफ्लेक्स उपयोगी पडतो. चुळबुळ, तोंड उघडझाप करणं, डोकं वळवणं, मूठ तोंडाकडे नेणं, या भुकेच्या आधीच्या खुणा. रडणं फार उशिराची खूण आहे. रडताना जीभ वर उचलली जाते, तोंडानं शोधायची हालचाल बंद पडते आणि पकड बसतच नाही. म्हणून रडणाऱ्या बाळाच्या तोंडात स्तनाग्र कोंबण्याऐवजी त्याला दोन-चार मिनिटं उघड्या छातीवर उघड्या अंगानं घ्या, शांत होऊ द्या, आणि मग नाकासमोरून सुरुवात करा. नवजात बाळ २४ तासांत आठ ते बारा वेळा पितं, त्यामुळे सरावाला संधी भरपूर मिळते.

बाटलीनं पाजत असाल तर उलटी अडचण येते. बाटलीचं रबरी बूच (निपल) टाळूला लागलं आणि दूध आपोआप येत राहिलं की बाळ पोट भरलं तरी चोखतच राहतं, कारण त्याच्या हाती थांबणं नसतं. बाळाला जरा उभट धरा, बाटली आडवी ठेवा, बूच ओठांना लावून तोंड उघडायची वाट पाहा आणि दर काही घोटांनी बाटली खाली करून थांबा.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिघांची घडी गर्भाच्या साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसते. त्याआधी जन्मलेल्या बाळाला नळीनं दूध देतात ते याच कारणानं. ते बाळ कच्चं आहे म्हणून त्याला चोखणं येणारच नाही असा त्याचा अर्थ नाही; अजून घडी बसायची आहे, एवढंच. पण पूर्ण दिवसांचं, आधी छान पिणारं बाळ एकाएकी चोखेनासं झालं, दोन मिनिटांत दमून घामाघूम होऊ लागलं, पिताना ओठांभोवती निळसर दिसू लागलं, किंवा कावीळ वाढत असताना पेंगुळलं आणि ढिलं पडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या. चोखण्याचा जोर ओसरणं ही नवजात बाळाच्या आजाराची सगळ्यात आधी दिसणाऱ्या खुणांपैकी एक आहे, ताप येण्याच्याही आधी दिसू शकणारी.

दचकणं

सुरुवातीला वर्णन केलेल्या हालचालीला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये काम करणारे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये तिचं वर्णन केलं. तिचे दोन भाग असतात: आधी हात बाहेर फेकले जातात आणि तळवे उघडतात, मग हात मिठी मारल्यासारखे आत येतात. दुसरा भाग नीट पाहिला की मोरो यांनी तिला बिलगण्याची क्रिया का म्हटलं ते कळतं. ती साधारण तीन महिन्यांनंतर मंदावते आणि सहा महिन्यांपर्यंत जाते.

ती सुरू होण्याचं मुख्य कारण म्हणजे डोकं धडाच्या तुलनेत अचानक मागे जाणं. अगदी थोडंसं, दोन-तीन सेंटीमीटर खाली गेलं तरी पुरतं. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तेवढं लगेच टिपते. मोठा आवाज, अंथरुणाला बसलेला धक्का, इतकंच काय, बाळाचा स्वतःचाच हात झोपेत झटकला गेला तरी ते दचकतं.

म्हणून खाली ठेवताना बहुतेकांची चूक कुठे होते ते पाहा. आपण हात लांब करून बाळाला खाली नेतो, आधी त्याचं डोकं टेकवतो आणि मग हात काढून घेतो. त्या प्रवासात बाळ आपल्या छातीपासून सुटतं, मान किंचित मागे पडते, झालं. त्याऐवजी स्वतः वाका. बाळ छातीला चिकटलेलं राहू दे आणि तुमचं अख्खं शरीर अंथरुणाजवळ न्या. आधी पाय, मग कुल्ले, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं टेकवा. डोक्याखालचा हात लगेच ओढू नका. दुसरा तळहात बाळाच्या छातीवर, त्याचे दोन्ही हात आत घेऊन, अलगद ठेवा आणि पंधरा-वीस सेकंद तसेच थांबा. मग आधी डोक्याखालचा हात सरकवून काढा, छातीवरचा त्यानंतर. आंघोळीच्या पाण्यातही हाच क्रम: पाय आधी, हळूहळू, डोक्याला आणि मानेला सतत आधार देऊन. दोन्ही हात छातीवर आणून अंगावर पातळ कापड गुंडाळलं आणि ते कापड पाण्यात गेल्यावर सोडवलं, तर बरीचशी बाळं दचकतच नाहीत. लंगोट बदलताना दोन्ही पाय धरून कुल्ले झटकन वर उचलण्याऐवजी बाळाला एका कुशीवर वळवून लंगोट सरकवा.

दुपट्यात गुंडाळण्यानं हे दचकणं कमी होतं, कारण हात बाहेर फेकले जात नाहीत. मात्र गुंडाळणं चुकलं तर त्यातूनच नुकसान होतं. छातीभोवती तुमची दोन बोटं आत जातील इतपत सैल, आणि कंबरेखाली तर पूर्ण सैल. बाळाचे पाय बेडकासारखे वर आणि बाहेर वाकलेले राहायला हवेत. पाय सरळ ओढून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. कापड पातळ सुती हवं आणि खांद्यांच्या वर येता कामा नये. बाळाला गरम होतंय का हे तळहात-तळपाय पाहून ठरवू नका, ते एरवीही थंड असतात. मानेचा मागचा भाग घामेजला असेल तर कपडा कमी करा. गुंडाळलेलं बाळ नेहमी पाठीवरच झोपवायचं, कुशीवर किंवा पोटावर कधीही नाही. अंथरूण सपाट आणि घट्ट, शेजारी उशी किंवा सुटी पांघरुणं नकोत. आणि बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करताना दिसलं, त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. काही बाळं हे दोन महिन्यांतच करू लागतात. एकदम बंद करणं जड जात असेल तर दोन-तीन रात्री एक हात बाहेर ठेवा, पण वळणं सुरू झालं असेल तर तीही सवलत नाही.

पोटावर झोपवलं की बाळ कमी दचकतं, हे खरं आहे. म्हणूनच थकलेल्या घरात पोटावर झोपवायचा मोह होतो. तो आवरा. पोटावर झोपणाऱ्या तान्ह्या बाळांत झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. थोडं दचकून जागं होणं बाळाच्या भल्याचंच आहे.

या रिफ्लेक्समध्ये आई-बाबांनी लक्ष द्यायची गोष्ट एकच: दोन्ही हात सारखे हलतात का. एक हात प्रत्येक वेळी मागे राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा. प्रसूतीच्या वेळी खांदा अडकला असेल तर गळपट्टीचं हाड मोडलेलं असू शकतं किंवा मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेलेल्या असू शकतात. नसांच्या दुखापतीच्या नेहमीच्या प्रकारात तो हात अंगालगत सरळ, आत वळलेला राहतो, दचकताना वर येत नाही, पण तुमचं बोट मात्र मुठीत घट्ट धरतो. खांद्याकडच्या नसा मानेतल्या वरच्या मणक्यांपासून निघतात आणि मुठीच्या खालच्या, म्हणून असं होतं. नुसती मूठ पाहून 'हात ठीक आहे' असं समजलं की हीच दुखापत सुटते. तपासणी होईपर्यंत तो हात ओढू नका. कपडे चढवताना दुखरा हात आधी, उतरवताना शेवटी.

आणि मुद्दाम दचकवून पाहू नका. डोकं सोडून देण्याची ती तपासणी हात ठेवायची जागा नेमकी ठाऊक असलेल्या माणसाचं काम आहे.

मूठ

तळहाताला काही लागलं की बोटं मिटतात. ओढलं तर पकड आणखी आवळते, हे लक्षात ठेवण्यासारखं. आईचे केस, कानातलं, चष्म्याची दोरी बाळाच्या मुठीत अडकते तेव्हा आपण ओढतो आणि बाळ जास्त घट्ट धरतं. ओढणं थांबवा. बाळाच्या हाताची मागची बाजू, करंगळीकडून मनगटापर्यंत, हलकेच चोळा. बोटं आपोआप सैल पडतात. पकड कितीही जोरकस वाटली तरी त्या जोरावर बाळाला उचलायचं नाही, ती पुढच्या क्षणी सुटू शकते.

मिटलेल्या मुठीत आणि पायाच्या बोटांत गळालेले केस, मोज्यातले सुटे धागे अडकतात. एखादा केस बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो. बाळ कारण न कळता रडत असेल तर मोजे काढून हातापायांची वीसही बोटं एकदा बघा. बोट सुजलेलं, लाल-जांभळं आणि बुडाशी खाच पडलेली दिसली, आणि केस सहज निघत नसेल, तर लगेच दवाखाना.

पाच-सहा महिन्यांत ही आपोआप मिटणारी मूठ जाते आणि तिच्या जागी बाळ हवी ती वस्तू हवी तेव्हा धरायला शिकतं. तीन-चार महिन्यांनंतरही मूठ सतत आवळलेली, अंगठा आत कोंडलेला दिसत असेल, किंवा पहिल्या वर्षातच बाळ एकच हात वापरतंय असं वाटलं, तर सांगा. 'आमचं बाळ आतापासूनच डावखुरं' हे कौतुकानं सांगितलं जातं, पण इतक्या लवकर एका हाताकडे झुकणं म्हणजे दुसरा हात कमी चालतोय असं असू शकतं.

तळपायाचं प्रकरण वेगळं. बोटांच्या बुडाशी दाबलं की पायाची बोटं वळतात. टाचेपासून बाहेरच्या कडेनं वर रेघ ओढली तर उलट अंगठा वर जातो आणि बोटं फाकतात. या दुसऱ्या हालचालीचं वर्णन फ्रान्समधले जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये केलं. मोठ्या माणसात ती दिसली तर मज्जासंस्थेचा आजार शोधावा लागतो, बाळात मात्र एक-दोन वर्षांपर्यंत ती दिसली तरी चालते. इंटरनेटवर मोठ्यांबद्दलचा मजकूर वाचून बाळाची काळजी करू नका.

दचकणं की आकडी

हा भाग दोनदा वाचा.

पहिल्या काही दिवसांत बाळाची हनुवटी थरथरते, हातपाय कापतात. थरथरणारा हात किंवा पाय अलगद धरा आणि सांध्यात किंचित वाकवा. थरथर तिथल्या तिथे थांबली, डोळे नेहमीसारखे, रंग नेहमीसारखा, तर ती साधी थरथर. ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांना सांगा. धरूनही झटके चालूच राहिले, डोळे एका बाजूला खेचले गेले किंवा टक लावून राहिले, तोंडाची चघळल्यासारखी हालचाल, पायांची सायकल चालवल्यासारखी हालचाल होत राहिली, श्वास थांबला किंवा बाळ निळं पडलं, तर ती आकडी समजून थेट दवाखान्यात. नवजात बाळाची आकडी मोठ्यांसारखी नसते. ती इतकी बारीक असते की खेळ वाटावा.

दुसरी गोष्ट वयानं थोडी पुढची. दचकण्याचा रिफ्लेक्स ज्या सुमारास मावळायला हवा, त्याच सुमारास, म्हणजे बहुधा तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान, काही बाळांत एक वेगळे झटके सुरू होतात. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी १८४१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच मुलाच्या अशा झटक्यांबद्दल लिहिलं होतं. मान पुढे झुकते, हात वर किंवा बाहेर येतात, पोटातून वाकल्यासारखं होतं, क्षण-दोन क्षणांत संपतं. दिसायला अगदी दचकल्यासारखं. फरक असा की हे झटके कुठलाही आवाज किंवा धक्का नसताना येतात, एकामागून एक, काही सेकंदांच्या अंतरानं रांगेत येतात आणि बरेचदा झोपेतून उठल्यावर येतात. हसणं, बघणं, वळणं असं नुकतं आलेलं काही बाळ विसरू लागलं तर संशय आणखी पक्का. हे मेंदूवर परिणाम करणारे झटके आहेत आणि उपचार जितका लवकर तितका फायदा जास्त. मोबाइलवर चित्रफीत घ्या, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील अशी, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात पोहोचल्यावर बाळ बहुतेकदा हसत असतं; अशा वेळी ती चित्रफीत नसेल तर 'दचकत असेल' एवढं बोलून परत पाठवलं जाण्याची भीती असते.

शिंक आणि उचकी यांची मात्र काळजी नको. बाळाचं नाक अरुंद असतं, ते शिंकून साफ करतं. नुसत्या शिंका म्हणजे सर्दी नव्हे. उचक्या बाळ गर्भातही देतं. ताप मात्र वेगळा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे तपासणी, दिवस असो वा रात्र.

बाकीचे, थोडक्यात

डोकं एका बाजूला वळलं की त्या बाजूचा हात-पाय सरळ होतो आणि दुसऱ्या बाजूचा वाकतो, तलवारबाजाच्या पवित्र्यासारखा. महिन्या-दोन महिन्यांच्या बाळात हा ठळक दिसतो, सहा महिन्यांपर्यंत जातो. तो असेपर्यंत कूस बदलणं आणि दोन्ही हात तोंडासमोर आणणं कठीण, म्हणून त्यासाठी घाई करू नका. बाळ त्या पवित्र्यात क्षणभर येऊन सुटायला हवं. त्यात अडकून पडत असेल तर दाखवा. झोपलेल्या बाळाचं डोकं रोज एकाच बाजूला ठेवू नका, आलटून पालटून ठेवा.

पाठीच्या कण्याच्या बाजूनं बोट फिरवलं की कंबर त्या बाजूला वळते. मालिश करताना किंवा अंग पुसताना बाळ असं वळवळलं तर गुदगुल्या होतात म्हणून नव्हे. हा रिफ्लेक्स आहे, तेवढं ठाऊक असलं की पुरे. बाळ हातातून निसटू नये म्हणून पाठ पुसताना छातीखालचा हात पक्का ठेवा.

बाळाला काखेत धरून तळवे टेकवले की ते पावलं टाकतं आणि दोन महिन्यांत हे बंद होतं. चालणं 'विसरलं' असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याचं सुंदर उत्तर शोधलं: पावलं बंद झालेल्या बाळांचे पाय पाण्यात धरले की पावलं पुन्हा दिसली, आणि पायांना छोटी वजनं बांधली की कमी झाली. म्हणजे पाय चरबीनं जड होतात, स्नायूंची ताकद मागे राहते. यावरून घ्यायचं ते एवढंच की पाय टेकवून सराव करून घ्यायची गरज नाही, आणि चाकाचा वॉकर तर नकोच. जागेपणी, तुमच्या डोळ्यांसमोर, रोज थोडा वेळ पोटावर ठेवा. ताकद तिथे येते.

तोंडावर पाणी आलं की लहान बाळ श्वास रोखतं. हा रिफ्लेक्स बाळाला बुडण्यापासून वाचवत नाही. चित्रफितींत पाहून बाळाला पाण्यात बुडवून काढण्याचे प्रयोग कुणीही करू नयेत.

जाण्याच्या वेळा

प्रत्येक रिफ्लेक्सची जी वयं दिली जातात ती अंदाजाची असतात, दोन-चार आठवडे इकडेतिकडे चालतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना मात्र हिशेब बदलतो. ३२ व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ ८ आठवडे लवकर आलं. ते चार महिन्यांचं झालं की त्याच्याकडे दोन महिन्यांच्या बाळासारखं पाहायचं. हे न समजल्यामुळे कितीतरी घरांत विनाकारण धास्ती असते.

जीभ बाहेर ढकलण्याचा रिफ्लेक्स चार ते सहा महिन्यांत ओसरतो. तोवर चमच्यानं काहीही दिलं तरी जीभ ते बाहेर लोटते, आणि त्याचा अर्थ बाळाला चव आवडली नाही असा लावला जातो. वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करायचं हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला या बदलाशी जुळतो. सहा महिन्यांनंतरही जीभ घास बाहेर टाकत असेल तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा द्या. चमचा जिभेच्या टोकावर न ठेवता थोडा आत, मधोमध ठेवा आणि बाळानं ओठ मिटेपर्यंत थांबा. घास आत गेल्यावर बाळाला उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, पण आवाज येत असतो. ती घशाची राखण आहे, बाळाला खोकू द्या, तोंडात बोट घालू नका. आवाज बंद झाला, बाळाला श्वास घेता येत नाही असं दिसलं, तर मात्र ते घशात अडकणं आहे आणि तिथे क्षणही दवडायचा नाही. त्यावरचे प्रथमोपचार वरचं अन्न सुरू करायच्या आधीच, प्रत्यक्ष दाखवणाऱ्या माणसाकडून शिकून घ्या.

काही रिफ्लेक्स मात्र उशिरा येतात आणि जन्मभर राहतात. बसतं केलेलं बाळ कलंडू लागलं की ते हात पुढे टेकतं. हा आधार सगळ्यात आधी येतो. मग बाजूला टेकायला लागतं. मागे हात टेकणं सगळ्यात शेवटी, साधारण नऊ-दहा महिन्यांत येतं. तोवर बसलेलं बाळ मागे पडलं तर थेट डोक्यावर पडतं. म्हणून त्याला जमिनीवरच बसवा, पलंगावर किंवा सोफ्यावर नको, आणि त्याच्यासमोर बसून खेळवण्यापेक्षा त्याच्या मागे, पाय फाकून, त्याला मध्ये घेऊन बसा.